फाइलीतलं दुसरं नाव

डाऊन सिंड्रोम असलेलं मूल आहे अशा घरांत एक जाड पिशवी असते. कपड्याच्या दुकानातून आलेली, कागदांनी फुगलेली. हृदयाच्या टूडी-इकोचा रिपोर्ट, गुणसूत्रांची तपासणी, दर वर्षीचं थायरॉइड, चष्म्याचा नंबर, डिस्चार्ज कार्डाची पुसट झालेली झेरॉक्स. दर्यापूरहून किंवा मूर्तिजापूरहून एसटीनं आलेली आई ती पिशवी मांडीवर धरून बसते आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगून टाकते, “डॉक्टरसाहेब, याले डाऊन हाये.” मग पुढचं सगळं त्या एका शब्दात बसवलं जातं. बोलत नाही? डाऊन आहे. हाक मारली तर वळून बघत नाही? डाऊन आहे ना, उशीर होणारच. कूलरच्या पंख्याकडे तासभर एकटक बघत पडून राहतं? शांत लेकरू आहे, त्रास देत नाही.

यातलं शेवटचं उत्तर सर्वांत जास्त वेळ वाया घालवतं. तासभर पंखा बघणारं, नावाला प्रतिसाद न देणारं, आईचं बोट धरून तिचा हात डब्याकडे नेणारं पण तिच्या डोळ्यांत न बघणारं मूल डाऊन सिंड्रोमचं असू शकतं आणि त्याचबरोबर स्वमग्नही असू शकतं. एक निदान झालं म्हणून दुसऱ्याची वाट बंद होत नाही.

डाऊन सिंड्रोम म्हणजे शरीरातल्या पेशींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. इंग्लंडच्या जॉन लँगडन डाऊन या डॉक्टरांनी १८६६मध्ये या मुलांची लक्षणं एकत्र मांडली, आणि फ्रान्समध्ये जेरोम लज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये त्यामागचं जादा गुणसूत्र दाखवून दिलं. बहुतेक वेळा ही प्रत बीज तयार होतानाच जास्तीची येते. गरोदरपणात ग्रहण पाहिलं, काही चुकीचं खाल्लं, कुणाची नजर लागली, यातल्या कशाचाही तिच्याशी संबंध नाही. सासरच्या अंगणात हे कुणीतरी मोठ्या आवाजात सांगायला हवं, कारण अनेक आया हा आरोप वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाहतात.

स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं तसं नाही. तिच्यासाठी रक्ताची तपासणी नाही. ती मुलाच्या वागण्यातून, इतरांशी जोडून घेण्याच्या पद्धतीतून ओळखावी लागते. म्हणूनच ती डाऊनच्या आड सहज लपते. डाऊनची मुलं हसरी, माणसांत रमणारी असतात हा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ पक्का होता. पुढे वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के जणांमध्ये स्वमग्नतेची लक्षणं आढळली. सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरलं जातं. अभ्यासागणिक आकडा बराच खालीवर होतो, पण एवढं नक्की की ही गोष्ट विरळा नाही.

मराठी घरांत डाऊन सिंड्रोमचं चित्र बऱ्याच अंशी ‘येलो’नं रंगवलं. २०१४ सालच्या महेश लिमये यांच्या या चित्रपटात पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर आली आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही तिची दखल घेतली गेली. त्या चित्रपटानं अनेक आईबापांना उभारी दिली, आणि ते मोलाचंच काम झालं. पण एखादी आई तो बघते आणि मनात तुलना सुरू होते: ती मुलगी आईच्या गळ्यात पडते, हसते, हट्ट करते, आपलं लेकरू जवळ घेतलं की ताठ होतं. आपलंच काही चुकतंय, आपण कमी पडतोय, असं तिला वाटू लागतं. तिचं काही चुकलेलं नसतं. तिच्या मुलाची वाट वेगळी आहे आणि त्या वाटेचं नाव तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घरी नेमकं काय बघायचं? वयाशी तुलना करू नका, समजेशी करा. चार वर्षांच्या मुलाची समज दीड वर्षाच्या बाळाएवढी असेल, तर दीड वर्षाचं बाळ काय काय करतं ते आठवा. ते बोट दाखवतं. नुसतं बिस्कीट हवं म्हणून नाही, तर “थे पाय, मोर!” असं काही दाखवायचं असतं म्हणून. मोराकडे बघतं, मग वळून आईकडे बघतं, तिनंही पाहिलं ना याची खात्री करतं. टाळ्या वाजवल्या की टाळ्या वाजवतं, आजीनं पदर डोक्यावर घेतला की तेही फडकं घेतं. नक्कल ही डाऊनच्या मुलांची मोठी ताकद असते. बोलता येत नसलं तरी हातवारे आणि चेहऱ्यानं ती बरंच काही सांगतात. ही देवाणघेवाणच नसेल, मूल नक्कल करत नसेल, आनंद झाला तरी तो कुणाला दाखवायला येत नसेल, तर तो निव्वळ उशीर नाही, काहीतरी वेगळं आहे.

त्याच्या जोडीला आणखी काही दिसतं. बोटं डोळ्यांजवळ नेऊन हलवणं, दिव्याकडे किंवा छताच्या पंख्याकडे बघत राहणं, दोरी किंवा चमचा तासन्‌तास हलवणं, खेळण्याशी खेळण्याऐवजी ते फक्त फेकणं, दात खाणं. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. ठरावीक दोनच पदार्थ, तेही ठरावीक ताटलीत. मावशीकडे जाताना रोजचा रस्ता बदलला की आकांत. यातलं एखादं लक्षण कोणत्याही मुलात असू शकतं. ती एकत्र येतात, टिकून राहतात आणि माणसांशी जोडून घेण्याच्या आड येतात, तेव्हा थांबून विचार करायचा. आणि एक गोष्ट विसरू नये: दोन्ही निदानं असलेलं मूलही हसतं, मांडीत येऊन बसतं. नुसत्या स्वमग्न मुलांपेक्षा ही मुलं पुष्कळदा जास्त माणसाळलेली वाटतात. म्हणून “हसतो ना, मग ऑटिझम कसा?” हा प्रश्न कुणी विचारला तर तेवढ्यावर माघार घेऊ नका.

मात्र दुसरं नाव लावण्याआधी शरीराची झडती घ्यायला हवी. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं वाकडं जातं. डाऊनच्या मुलांत कानांच्या तक्रारी फार. कानात पाणी साचून ऐकू कमी येणं तर नेहमीचंच. हाकेला न वळणारं मूल कदाचित ऐकतच नसेल. बेरा, म्हणजे श्रवणाची तपासणी, झाली नसेल तर ती करा, आणि दोन वर्षांपूर्वी झालेली असेल तरी कान पुन्हा दाखवा. थायरॉइड दर वर्षी. दृष्टीही तपासलेली हवी. झोप हा तर दुर्लक्षित विषय. रात्री घोरणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं, श्वास मधेच थांबणं अशी झोपेत श्वास अडण्याची तक्रार या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांत आढळते. रात्रभर नीट न झोपलेलं मूल दिवसा चिडचिडं, हरवलेलं दिसणारच. मूल अचानक डोकं आपटू लागलं तर आधी कान, दात आणि बद्धकोष्ठ तपासायचं. ते बोलू शकत नाही, त्यामुळे दुखणं वागण्यातून बाहेर येतं. आणि तेरा-पंधरा वर्षांचं, आजवर बोलणारं-नाचणारं मूल काही आठवड्यांत गप्प झालं, खाईना, कपडे घालेना, तर तो ऑटिझम उशिरा उगवला असं समजू नये. डाऊनच्या किशोरवयीन मुलांत अशी घसरण होते. तिची कारणं वेगळी असतात, उपचारही वेगळे असतात, आणि त्यासाठी लगेच डॉक्टर गाठावे लागतात.

शरीर तपासून झालं आणि शंका तरीही उरली, तर मूल्यमापन मागा. मागा हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण न मागता ते होईलच असं नाही. डाऊनच्या मुलांचीही ऑटिझमसाठी चाचपणी दीड आणि दोन वर्षांच्या टप्प्यावर व्हावी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरहून, त्याची देशभर सुरुवात झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणारी त्याची पथकं जन्मजात दोष आणि विकासातला उशीर शोधतात. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीतच आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही या कार्यक्रमाची रचना. अमरावतीकरांनी चौकशी इर्विन रुग्णालयापासून सुरू करावी, अकोलेकरांनी सर्वोपचार रुग्णालयापासून. धारणी-चिखलदऱ्याकडच्या पालकांसाठी अंगणवाडीताई हाच पहिला दुवा. अधिक सखोल तपासणी लागली तर नागपूरचं एम्स आणि दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, ही ठिकाणं वऱ्हाडाला पुण्या-मुंबईपेक्षा जवळची.

तपासणीत ‘इसा’ हे नाव कानावर येईल. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं भारतीय मुलांसाठी तयार केलेली ही चाळीस प्रश्नांची मोजपट्टी आहे, आणि ऑटिझमचं प्रमाणपत्र तिच्या गुणांवर मिळतं. दुसरी असते सामाजिक परिपक्वतेची चाचणी: मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं कुठवर जातं. मूळच्या अमेरिकी चाचणीला भारतीय रूप दिलं ते ए. जे. मालिन यांनी, आणि त्यांचं काम आपल्या नागपुरातलं. या चाचण्यांच्या वेळी पालकांनी एक करावं. मुलाचे घरातले छोटे व्हिडिओ मोबाइलवर काढून न्यावेत: जेवताना, खेळताना, पाहुणे आल्यावर, चिडल्यावर. अनोळखी खोलीत वीस मिनिटांत मूल जे दाखवणार नाही, ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत दिसतं. “डाऊन असलेल्या मुलांची अशी तपासणी तुम्ही आधी केली आहे का?” हा प्रश्नही नम्रपणे विचारावा. समज फारच कमी असेल तर निव्वळ त्यामुळेही चाचणीचे गुण वाढू शकतात, आणि अनुभवी माणसालाच हा फरक कळतो.

दुसरं नाव मिळालं की घरात रडारड होते. ती होऊ द्यावी. पण काही आया नंतर सांगतात की त्या दिवशी त्यांना रडूही आलं आणि हायसंही वाटलं, कारण इतकी वर्षं जे दिसत होतं ते खरं होतं. त्या नावाचा खरा उपयोग असा की शिकवण्याची रीत बदलते. डाऊनच्या मुलाला गटात बसवून, गाणी म्हणून, नक्कल करून घेऊन शिकवतात. स्वमग्न मुलाचं गटात डोकं भणभणतं, नक्कल त्याला जमत नाही. मग शिक्षक म्हणतात हट्टी आहे, थेरपिस्ट म्हणतात सहकार्य करत नाही. मूल मात्र चुकीच्या दाराशी उभं असतं.

बदल घरातूनच सुरू होतो आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. मुलाच्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढायचे: त्याचाच पेला, त्याचीच चप्पल, घराजवळचाच झोका. पुस्तकातलं सफरचंदाचं चित्र नको, घरातल्या स्टीलच्या ताटलीतली भाकर हवी. फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला वेल्क्रोनं लावायचे. पाणी हवं तर पेल्याचा फोटो हातात द्यायचा, की लगेच पाणी. सुरुवातीला आईनं हात धरून द्यायचा, मग हळूहळू सोडायचा. चित्रं देऊन मागायला शिकवण्याची ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेत रुजली आणि जगभर पसरली. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचंच नाही, ही भीती अनेकांना वाटते. तशी ती खरी ठरत नाही. मागितलं की मिळतं हे कळलेल्या मुलाला शब्दांचीही ओढ लागते.

पुढची पायरी ‘आधी-मग’. दोन चौकटी, डावीकडे ब्रश, उजवीकडे झोका. आधी दात, मग झोका. वाक्य तेवढंच. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे दिसलं की त्याचा निम्मा आकांत ओसरतो, आणि डोळ्यांनी शिकणं ही डाऊनच्या मुलांचीही ताकद. दोन्ही निदानांना एकच किल्ली लागते असं क्वचितच घडतं. इथे ते घडतं.

भाषेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. “घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळेल” असा सल्ला वऱ्हाडातही मिळतो. डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम या दोन्हींबाबतच्या अभ्यासांत दोन भाषा ऐकल्यानं मुलाचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते, बाप ज्या भाषेत हाक मारतो, तीच मुलाची भाषा. “पाणी पाह्यजे का तुले?” हे वाक्य चुकीच्या इंग्रजी वाक्यापेक्षा लाख पटीनं कामाचं आहे. वाक्यं मात्र छोटी हवीत, आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजून थांबायचं. या मुलांचं उत्तर उशिरा येतं. आपण त्याआधीच दुसरं वाक्य बोलून मोकळे होतो.

सण हा आपल्याकडचा खरा कस. तान्हा पोळ्याला सजवलेला लाकडी बैल घेऊन गल्लीतली सगळी पोरं निघतात, आणि आपलंही निघावं असं कुणाला वाटणार नाही? तयारी आठवडाभर आधी करा. मागच्या वर्षीचे फोटो रोज दाखवा, बैल हातात द्या, त्याची दोरी ओढू द्या. प्रत्यक्ष दिवशी गर्दी व्हायच्या आधी जा, दहा मिनिटांत परत या. दहा मिनिटं छान गेली तर तो सण झाला. अकोल्याची कावड यात्रा किंवा अंबादेवीची नवरात्रातली गर्दी मात्र वेगळी. डीजेच्या आवाजात कान झाकून किंचाळणाऱ्या मुलाला “सवय होईल” म्हणून उभं करणं क्रूर आहे. कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन ऑनलाइन मिळतात. नाहीतर गच्चीवरून बघा, किंवा त्या दिवशी मावशीच्या गावाला जा.

एक इशारा. निदान कळलं की काही दिवसांतच कुणीतरी मूळपेशी उपचाराचं, स्टेम सेलचं माहितीपत्रक हातात देतं. लाखांचा खर्च, हमीची भाषा. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून २०२२मध्येच स्पष्ट झालं आहे. त्यासाठी वावर विकू नका. तो पैसा पुढच्या दहा वर्षांच्या स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला, बसभाड्याला आणि आईच्या झोपेला लागणार आहे.

कागदांकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, एकवीस प्रकारच्या दिव्यांगता मानतो. बौद्धिक दिव्यांगता आणि ऑटिझम हे त्यातले दोन स्वतंत्र प्रकार. दोन्ही असतील तर प्रमाणपत्रावर दोन्ही लिहून घ्या. नुसतं पहिलं असेल तर शाळा त्याच रीतीनं शिकवणार. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. लहानपणीचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, तेव्हा त्यावरची मुदत पाहून ठेवा. लक्षणीय दिव्यांगता, म्हणजे चाळीस टक्के वा त्याहून अधिक, असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्यात आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच देते. तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. नोकरदार बापानं जुनी करप्रणाली निवडली असेल, तर प्राप्तिकरात ७५ हजारांची, आणि ऐंशी टक्के वा अधिक दिव्यांगतेसाठी सव्वा लाखाची वजावट मिळते. रेल्वेत मुलाबरोबर जाणाऱ्या सोबत्यालाही सवलत आहे. नागपूरच्या खेपा वाढणार असतील तर तिचा पास आधीच करून घ्यावा.

आणि मग तो प्रश्न, जो आईबाप रात्री एकमेकांनाही विचारत नाहीत. आपल्यामागे काय? परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी हा प्रश्न आपलं आयुष्य करून टाकला. रस्त्यावर, रेल्वे स्टेशनवर सोडून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी सांभाळलं, १२३ लेकरांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं, आणि अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना आश्रमाबाहेर काढू नये यासाठी ते सरकारशी भांडत राहिले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मुलांना आईबाप आहेत, त्यांच्याही बाबतीत अठराव्या वाढदिवशी कायदा बदलतो: मूल सज्ञान होतं आणि आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. सतरावं सरतानाच ही चौकशी सुरू करावी. भावंडांना त्यात ओढताना त्यांना विचारावं. बहिणीनं आयुष्यभर सांभाळायचं हे गृहीत धरू नये, तिच्याशी बसून बोलावं.

त्या समितीला लागतील ते कागद लागतील. पण पिशवीत आणखी एक कागद आजच घालून ठेवावा, आणि दर वाढदिवसाला तो नव्यानं लिहावा. आत्याकडे चार दिवस राहायची वेळ आली, आईला दवाखान्यात भरती करावं लागलं, शाळेत नव्या बाई आल्या, तर त्यांच्या हातात द्यायला. एकाच पानावर, सोप्या मराठीत. याला पाणी हवं असेल तर हा हनुवटीला दोन बोटं लावतो. वरण-भात कालवून नको, वेगळा वाढा. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा. झोपताना निळी चादर पायांवर जड गुंडाळायची. तो तुमच्याकडे न बघता शेजारी येऊन बसला, तर त्याला तुम्ही आवडता. हात धरू नका, नुसते बसा.